‘खोटारडी’ म्हणायच्या आधी

संपादक महोदय,

तुमच्या पुरवणीत मुलांवर बरंच छापून येतं पण सूर बहुतेक वेळा एकच, शिस्त कशी लावायची. म्हणून म्हटलं आज लिहूनच टाकावं.

माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. परवा भिंतीवर लाल क्रेयॉनने भलामोठा गोल काढला, विचारलं कोणी केलं, तर म्हणे टेडीने. हातात क्रेयॉन, गालावर लाल रेघ आणि चेहरा एकदम साळसूद! मला हसू आवरेना, पण घरी आलेल्या एका नातेवाईक बाईंनी लगेच निकाल दिला, आत्तापासूनच खोटं बोलतेय, वेळीच आवरा हिला.

अहो पण खोटं बोलायला आधी हे कळावं लागतं की माझ्या डोक्यात जे आहे ते आईच्या डोक्यात नाहीये, आणि हे कळणं सोपं नसतं. १९८३ मध्ये हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना एक गोष्ट सांगितली, मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, तेवढ्यात आई ते दुसऱ्या कपाटात हलवते, आता तो परत आल्यावर कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं ठामपणे सांगतात, जिथे आत्ता आहे तिथे. म्हणजे मला माहितीये ना, मग त्यालाही माहिती असणारच. साधारण चार-पाचच्या पुढे उत्तर बदलायला लागतं. आमची लेक या दोन्हीच्या मध्ये कुठेतरी लटकलीये, थाप मारायची असते हे कळलंय पण गालावरची रेघ आईला दिसतेय हे लक्षातच येत नाही. हीच मुलगी फोनवर आजीने ‘जेवलीस का’ विचारलं की नुसती मान हलवते आणि आजी बिचारी तिकडे हॅलो हॅलो करत बसते.

आणि दुसऱ्याचं मन कळणं पुढचं, आधी ‘मी’ तर सापडायला हवा. बाळाच्या नाकाला नकळत रंग लावून आरशासमोर बसवायचं, तो स्वतःच्या नाकाला हात लावतो का बघायचं, ही टेस्ट मानसशास्त्रज्ञ ब्यूला ॲम्स्टरडॅम यांनी १९७२ मध्ये छापली, त्याच्या दोन वर्षं आधी गॉर्डन गॅलप या मानसशास्त्रज्ञांनी चिंपांझींवर असंच काहीसं केलं होतं. दीड ते दोन वर्षांच्या आसपास बरीच मुलं नाकाला हात लावतात, त्याआधी आरशातलं बाळ म्हणजे खेळायला आलेलं कोणीतरी. आमच्याकडे त्या सुमाराला आणखी एक गंमत चालायची, उचलून घ्यायचं असलं की ती ‘तुला घे’ म्हणायची. बरोबरच आहे की, दिवसभर सगळे तिला ‘तू’ म्हणणार, मग तिचं नाव ‘तू’च ना! ‘मी’ हा शब्द किती विचित्र आहे बघा, जो बोलेल त्याचा होतो.

आता यातून नुकतंच बाहेर पडलेलं मूल खेळणं छातीशी धरून ‘माझं’ म्हणून किंचाळतं तेव्हा आपण त्याला काय म्हणतो? स्वार्थी. मुलगी दोन वर्षांची असताना प्लेग्रुपच्या रिपोर्टमध्ये चक्क लिहून आलं होतं, शेअरिंग करत नाही. दोन वर्षांची! मला तेव्हा वाईट वाटलेलं, आता राग येतो.

भिंत रंगवू द्यावी असं मी म्हणत नाहीये, ओरडले मीही. पण ‘तू खोटारडी आहेस’ आणि ‘तुला वाटलं ना आई रागवेल?’ यात फरक आहे. वाटलं, माहिती नव्हतं, विसरला असेल, असे शब्द ज्या घरात जास्त कानावर पडतात तिथल्या मुलांना दुसऱ्याच्या मनातलं लवकर कळायला लागतं असं अभ्यासांत दिसलंय. भावंडांची भांडणंही उपयोगी पडत असावीत, असं माझं मत, कारण समोरच्याला काय हवंय हे ओळखल्याशिवाय नीट भांडताच येत नाही.

तेव्हा पुरवणीत शिस्तीच्या लेखांमधून थोडी जागा काढून यावर एखाद्या बालमानसतज्ज्ञाकडून लिहून घ्या की.

भिंतीवरचा गोल अजून तसाच आहे. टेडीला त्यावरून आतापर्यंत दोनदा ओरडा बसलाय, दोन्ही वेळा तिच्याकडूनच.

आपली,
एक वाचक आई