डबल सीटसाठी हेवी स्प्रिंग मागवली होती, तुम्ही स्टँडर्ड पाठवलीत

नमस्कार,

ऑर्डर नंबर आणि बिलाचा फोटो ईमेलला जोडलाय. मागच्या महिन्यात माझ्या साडेतीनशे सीसी बाईकसाठी तुमच्याकडून मागच्या शॉकअपची जोडी मागवली, १४,८०० रुपये ऑनलाइन भरले. तुमच्याकडे स्टँडर्ड स्प्रिंग आणि हेवी स्प्रिंग असे दोन पर्याय होते आणि मला अंदाजाने घ्यायचं नव्हतं म्हणून आधी मुद्दाम फोन केला. तुमच्या माणसाने वजन विचारलं, मी सांगितलं, मी ८२ किलो, मिसेस ६४ आणि बॅग धरा १२. तो म्हणाला, मग डोळे झाकून हेवी घ्या. घेतली, आणि बिलावर हेवी असंच छापलंय.

आम्ही साताऱ्याला राहतो, मिसेसचं माहेर महाडला, सासूबाई तिथे एकट्याच असतात त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी जावंच लागतं, मेढ्यावरून केळघर घाट चढून महाबळेश्वर आणि मग आंबेनळी उतरून पोलादपूर. मिसेसच्या मणक्यातली गादी सरकलीये, डॉक्टरांनी दणके टाळा म्हणून सांगितलंय. जुन्या शॉकअपचे ४६ हजार किलोमीटर झाले होते, एकातून ऑइल गळत होतं, म्हणून हा खर्च काढला. शौक म्हणून नाही.

नवीन बसवून पहिल्यांदा गेलो तर केळघरलाच कळलं काहीतरी चुकतंय. मागची बाजू पार बसलेली, पुढचं हँडल हलकं लागतंय, वळणाला मेन स्टँड रस्त्याला घासतंय, आणि येताना अंधार झाला तर हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात, लोक डिपर मारून शिव्या देत होते. खड्डा आला की शॉकअप खालपर्यंत जाऊन ठक्क आपटतो आणि तिथून ताडकन वर येतो, त्यात मिसेस सीटवरून उचलली जाते. पोलादपूरला चहाला थांबलो तेव्हा तिला खाली उतरता येईना, मी हाताला धरून उतरवलं.

दुसऱ्या दिवशी तुमच्या कस्टमर केअरला फोन केला तर उत्तर मिळालं, स्पॅनरने प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ती सेटिंग, आवळा. आवळला, पूर्ण शेवटपर्यंत. आणि त्यानंतर गॅरेजच्या मेस्त्रींना घेऊन टेप लावून मोजलं, कारण नुसतं "कडक वाटतंय, मऊ वाटतंय" सांगून तुम्ही ऐकणार नव्हता. मागच्या चाकाच्या ॲक्सलपासून वर सीटच्या फ्रेमवर एक खूण केली, आधी मेन स्टँडवर चाक लोंबतं ठेवून अंतर घेतलं, मग मी एकटा बसून, मग आम्ही दोघं बॅगेसकट बसून. प्रीलोड सगळ्यात कमी असताना एकट्याने बाईक २६ मिमी बसते आणि दोघांनी ५२. प्रीलोड पूर्ण आवळल्यावर एकट्याने १७ आणि दोघांनी ४३. माझ्या बाईकच्या मागच्या चाकाला एकूण ९० मिमी ट्रॅव्हल, म्हणजे वर-खाली हलायची जागा आहे, त्यातला साधारण तिसरा हिस्सा म्हणजे ३० मिमीच्या आसपास वजनाने बसायला हवा, इथे सगळं आवळूनसुद्धा निम्मा नुसतं बसण्यातच जातोय, मग खड्ड्याला उरतं काय?

आणि हे आकडे नीट बघा, एकट्यापासून दोघांपर्यंतचा फरक दोन्ही वेळा २६ मिमीच आहे. प्रीलोडने बाईक फक्त वर उचलली जाते, स्प्रिंग जेवढी मऊ आहे तेवढीच राहते. आमच्या वजनाला स्प्रिंगच जाड पाहिजे, आणि तिच्या जोडीला तशी रिबाउंड डॅम्पिंग, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत वर येताना तिला आवरणारी व्यवस्था पाहिजे, नाहीतर जाड स्प्रिंग अजून जोरात फेकेल. हे मी तुम्हाला शिकवायची गरज पडू नये, तुमचा धंदाच हा आहे.

आता मुख्य गोष्ट. माझ्या एका मित्राने तुमचीच जोडी घेतलीये, स्टँडर्ड स्प्रिंगवाली, तो ६८ किलोचा आणि एकटाच चालवतो. त्याचा बॉक्स आणि माझा बॉक्स शेजारी ठेवले तर पार्ट नंबर एकच! स्प्रिंगवर छापलेला कोडपण एकच, मेस्त्रींनी व्हर्नियरने तारेची जाडी बघितली तीपण सारखीच. याचे फोटो तुम्हाला पाठवून आज १९ दिवस झाले. मधे एकदा कळवलंत की शॉकअप बसवून वापरलेत म्हणून रिटर्न होणार नाही. अहो, बसवल्याशिवाय चुकीची स्प्रिंग आहे हे मला कळणार कसं?

मला दोनपैकी एक पाहिजे. आमच्या वजनाला जुळणारी हेवी जोडी पाठवा, दोन्ही शॉकअप, एकच बदलून चालणार नाही, आणि त्याचं डॅम्पिंग त्या स्प्रिंगप्रमाणे सेट केलेलं हवं. नाहीतर १४,८०० रुपये परत करा, कुरिअर तुमच्या खर्चाने. येत्या १५ दिवसांत काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार टाकून इथेच साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात केस करणार आहे, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मला त्यासाठी तुमच्या शहरात यायची गरज नाही. पण मला खरंच केस नकोय, मला नीट शॉकअप पाहिजेत.

तोवर जुनेच शॉकअप परत लावलेत आणि मिसेसला एसटीने पाठवतोय. कुरिअरवाला पाठवलात तर संध्याकाळी ६ नंतर पाठवा, दिवसा घरी कोणी नसतं.

तुमचा ग्राहक,
सातारा