फॉलिनमध्ये हात कोण वर करणार? : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : संरक्षण खात्यात माणसाच्या मनावर आणि तथाकथित अतींद्रिय शक्तींवर होणाऱ्या संशोधनात जवानाची खरी संमती आणि बाहेरची देखरेख बंधनकारक करण्याबाबत.

महोदय,
सादर नमस्कार.

मी औसा तालुक्यातला, लातूर जिल्ह्यातला एक निवृत्त विज्ञान शिक्षक. पहाटे पाचला रस्त्यावर फिरायला निघालो की आधी पळण्याचा आवाज येतो, पोरं मागून दिसतात. सोळाशे मीटरची तयारी चाललेली असते. एकजण मोबाइलवर वेळ लावून कडेला उभा, बाकीचे अंधारात पळतायत. पाऊस कधी दगा देतो, पाऊस झाला तर सोयाबीनला भाव नसतो. अशा घरांत वर्दी आली की बहिणीचं लग्न निघतं, विहिरीवरचं कर्ज फिटतं. यातली कितीतरी लेकरं माझ्या वर्गात बसून गेलेली आहेत. म्हणून हे पत्र लिहितोय, आणि मराठीत लिहितोय, कारण ते आपल्याइतकंच त्यांच्या आईबापांनीही वाचावं असं मला वाटतं.

मागच्या दिवाळीत रजेवर आलेला माझा एक विद्यार्थी भेटायला आला होता. बोलता बोलता म्हणाला, उंचावरच्या एका ठाण्यावर असताना डॉक्टरांचं पथक आलं होतं. रक्त घेतलं, रात्री झोपताना डोक्याला तारा लावल्या, सकाळी आकडे उलटे म्हणायला लावले. डॉक्टर चांगले होते, त्रास काही झाला नाही, हेही त्यानंच सांगितलं. मी सहज विचारलं, ''तुला विचारलं होतं का रे, यात भाग घ्यायचा का नाही?''

''इचारलं की सर. फॉलिन केलं, म्हंजे रांगेत उभं केलं, आन् साहेब म्हणाले, कुणाला हरकत आहे का? आता फॉलिनमधी हात कोण वर करतंय?''

त्याची काही तक्रार नव्हती. माझी आहे. त्या वाक्याचा धागा धरून मी वाचत गेलो आणि वाचता वाचता परामानसशास्त्रापर्यंत पोचलो. दूरचं 'पाहणं', दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं, अन्नपाण्याविना जगणं, असल्या दाव्यांवर जगातल्या बऱ्याच सैन्यांनी पैसा आणि माणसं खर्ची घातली आहेत. नव्या औषधाची चाचणी असेल तर कायदा आहे, परवानगी आहे, नुकसानभरपाई आहे. मनाच्या शक्तीची चाचणी असेल तर सुई नाही, गोळी नाही, मग कोणाला काय विचारायचं, असं सगळ्यांना वाटतं. ज्याचा या शक्तींवर विश्वास आहे त्याला ते पवित्र काम वाटतं. ज्याचा नाही तो म्हणतो, यात काही घडतच नाही तर अपाय कसला होणार? या दोघांच्या मधे खुर्चीत बसलेल्या माणसाकडं कोणी बघत नाही.

अमेरिकेचं उदाहरण घ्या. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये रसेल टार्ग आणि हॅरल्ड पुथॉफ या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी गुप्तचर खात्याच्या पैशावर 'रिमोट व्ह्यूइंग'चे, म्हणजे बसल्या जागी दूरचं 'पाहण्या'चे, प्रयोग सुरू केले. पुढं लष्करानं मेरीलँडमधल्या फोर्ट मीड इथं स्वतःची तुकडीच उभी केली. नावं बदलत गेली, ग्रिल फ्लेम, सेंटर लेन, सन स्ट्रीक आणि शेवटी स्टार गेट. १९९५ मध्ये संख्याशास्त्रज्ञ जेसिका अट्स आणि मानसशास्त्रज्ञ रे हायमन यांच्याकडून मूल्यमापन करून घेतलं. आकडेवारीत काही आहे की नाही यावर दोघांचं एकमत झालं नाही, पण हेरगिरीच्या कामाला यातून काही उपयोगी मिळालं नाही असा निष्कर्ष निघाला आणि सुमारे दोन कोटी डॉलर खर्चून तो कारभार बंद झाला.

याच कार्यक्रमातली एक गोष्ट मात्र आपण घ्यावी अशी आहे. १९७९ मध्ये खुद्द लष्कराच्या कायदे सल्लागारांनी सांगितलं की हा माणसावरचा प्रयोग आहे. माणूस नुसता खोलीत बसून डोळे मिटून चित्र काढतोय, तरीसुद्धा! आणि म्हणून माणसावरच्या प्रयोगांचे संमतीचे आणि मंजुरीचे नियम त्यालाही लावायला हवेत. ही सावधगिरी त्यांना सहज सुचलेली नव्हती. १९५३ पासून चाललेल्या एमकेअल्ट्रा प्रकल्पात त्यांच्या गुप्तचर खात्यानं लोकांना न सांगता एलएसडी हे भास घडवणारं द्रव्य पाजलं होतं. त्यात फ्रँक ओल्सन हा लष्कराचा शास्त्रज्ञ जिवाला मुकला. १९७३ मध्ये कागदपत्रं जाळून टाकायचा हुकूम निघाला आणि १९७५ मध्ये संसदेच्या चौकशीत उरलंसुरलं बाहेर आलं. त्यानंतर डिसेंबर १९८१ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशात लिहून ठेवावं लागलं की गुप्तचर संस्थांनाही माणसावरचं संशोधन आरोग्य खात्याच्या नियमांनुसारच करता येईल आणि संमतीची लेखी नोंद ठेवावी लागेल. गुप्तता आणि संमती एकत्र नांदू शकतात, हे त्यांनी ठेच खाऊन मान्य केलं.

आपल्याला तर बाहेरचं उदाहरण घ्यायची गरजही नाही. १९३० च्या दशकात आणि पुढं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रावळपिंडीला ब्रिटिश शास्त्रज्ञांनी शेकडो हिंदी शिपायांवर मस्टर्ड गॅसचे प्रयोग केले. पोर्टन डाउन या त्यांच्या रासायनिक शस्त्रांवर काम करणाऱ्या संस्थेची माणसं होती ती. गोऱ्या कातडीपेक्षा हिंदी कातडी जास्त भाजते की कमी, हे बघायचं होतं. अंगावर सुती शर्ट आणि अर्धी चड्डी घालून शिपाई गॅसच्या खोलीत गेले आणि त्यातले कित्येक भाजून दवाखान्यात पडले. हे कागद लंडनच्या अभिलेखागारातून वर आले ते २००७ मध्ये. त्या शिपायांनी 'हो' म्हटलं असेल का? मला वाटतं म्हटलं असेल. फॉलिनमध्ये म्हटलं असेल.

त्याच पोर्टन डाउनमध्ये मे १९५३ मध्ये रोनल्ड मॅडिसन हा वीस वर्षांचा हवाई दलातला मुलगा हातावर सरीन या विषाचे थेंब टाकल्यानंतर दगावला. पहिली चौकशी बंद दाराआड झाली आणि अपघात म्हणून मिटवली गेली. तो बेकायदा मृत्यू होता, असा निर्णय लागला २००४ मध्ये. एकावन्न वर्षांनी. पहाटे आमच्या रस्त्यावर पळणारी पोरं त्याच वयाची आहेत.

गॅसची आणि मनाच्या प्रयोगाची तुलना कशाला, असं आपण म्हणाल. मनाचे प्रयोग कसे होतात ते पाहा. गान्झफेल्ड नावाची एक पद्धत आहे. पिंगपाँगचा चेंडू अर्धा कापून त्याच्या वाट्या डोळ्यांवर बसवतात, समोर तांबडा दिवा लावतात, कानात रेडिओच्या खरखरीसारखा आवाज सोडतात आणि माणसाला पडून राहायला सांगतात. मेंदूला बाहेरून काही मिळेनासं झालं की तो आतलं बाहेर काढायला लागतो. निरोगी माणसालाही चेहरे दिसतात, हाका ऐकू येतात. आता या खुर्चीत नुकताच चकमकीतून आलेला, शेजारचा सोबती गमावलेला जवान बसवा. त्याला काय दिसेल? आणि दिसल्यानंतर त्याला कोण सांभाळेल?

दुसरा धोका आमच्या भागातल्या माणसाला लगेच कळेल. औषधाच्या चाचणीत गुण आला नाही तर औषध नापास होतं. इथं माणूस नापास होतो. तुझी एकाग्रता कमी पडली, तुझी श्रद्धा कमी पडली, असं त्याला ऐकावं लागतं. आणि जर योगायोगानं दोन-चार उत्तरं बरोबर आली, तर साहेबांच्या आणि डॉक्टरांच्या तोंडून 'तुझ्यात शक्ती आहे' हे ऐकलेला मुलगा गावी येतो. इथं अंगात येणं, परडी, कौल हे सगळं त्यानं लहानपणापासून पाहिलेलं असतं. सरकारनं शिक्का मारलेली दिव्यदृष्टी घेऊन तो पारावर बसला तर त्याला खाली कोण उतरवणार? महाराष्ट्रानं २०१३ मध्ये कायदा करून चमत्काराच्या दाव्यानं लोकांना फसवणं गुन्हा ठरवलं. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचलं आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला.

दाभोलकरांचं नाव घेतलं म्हणून हेही सांगतो की असल्या दाव्यांची तपासणी होऊ नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. २००८ मध्ये जयंत नारळीकरांनी त्यांच्या सोबतीनं पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद अशा २०० मुलांच्या कुंडल्या होत्या, २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, त्यातली ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर निम्मी आलीच असती. सगळं उघड्यावर झालं.

आता आपल्या खात्याकडं वळतो. एप्रिल-मे २०१० मध्ये अहमदाबादच्या एका रुग्णालयात प्रल्हाद जानी या ऐंशीच्या घरातल्या साधूंना पंधरा दिवस कॅमेऱ्यांच्या नजरेखाली ठेवलं होतं. आपण सत्तर वर्षं अन्नपाण्याविना जगतोय, असा त्यांचा दावा होता. या निरीक्षणात डीआरडीओची डिपास ही संस्था सहभागी होती. जवानांना आणि आपत्तीत अडकलेल्यांना यातून काही उपयोग होईल, असा हेतू सांगितला गेला. डिपासबद्दल मला आदर आहे. उंचावरच्या थंडीत शरीर कसं टिकतं, योगासनांचा जवानांच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो, यावर त्यांनी मोलाचं काम केलेलं आहे. पण त्या पंधरा दिवसांपुरता माझा सरळ प्रश्न आहे. दावा खोटा असता आणि म्हाताऱ्या माणसानं हट्टानं पाणी घेतलंच नसतं, तर तपासणीतल्या कोणत्या आकड्याला प्रयोग थांबवायचा हे कोणी, कधी, कागदावर ठरवलं होतं? तो कागद जनतेसमोर ठेवावा. त्यात देशाच्या सुरक्षेचं काहीही नाही.

लेकरांबद्दल एक बोलायचं आहे. चीनमध्ये १९७९ ला सिचुआनमधला एक मुलगा कानानं अक्षरं वाचतो अशी बातमी आली आणि पुढं च्यान श्वेसन यांच्यासारखा क्षेपणास्त्रांचा जनक त्या संशोधनाच्या पाठीशी उभा राहिला. हे लांबचं वाटत असेल तर काही वर्षांपूर्वीचा आमच्याकडचा प्रसंग सांगतो. एका क्लासवाल्यांनी 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. माझ्या पुतण्याची मुलगी त्यात होती. डोळ्यांवर काळी पट्टी, हातात रंगीत पेन्सिली. मी पहिल्या रांगेत होतो. तिनं हनुवटी जराशी वर केली आणि नाकाच्या दोन्ही बाजूंच्या फटीतून पेन्सिल पाहिली. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर मी फक्त एवढंच विचारलं, ''बाळा, खरंच दिसत होतं का?'' ती रडायला लागली. म्हणाली, ''आबा, सगळ्यांना दिसतंय असं मॅडम म्हणल्या. मला एकटीलाच दिसत नव्हतं.'' नऊ वर्षांचं पोर. आईनं पंचवीस हजार भरलेले तिला माहीत होते. वरच्या माणसाला हवं ते उत्तर देणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी तिच्याकडून समजलं. जवानाचं यापेक्षा वेगळं नसतं, फक्त तो रडत नाही.

नियम आपल्याकडं नाहीत असं नाही. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सैन्यातल्या लोकांचा उल्लेख स्पष्ट आहे. वरिष्ठांच्या हाताखाली असल्यामुळं ज्यांची 'नाही' म्हणायची मोकळीक कमी होते, अशांमध्ये ते मोडतात आणि त्यांना जास्तीचं संरक्षण द्यायला सांगितलं आहे. नव्या औषधांच्या आणि चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे एथिक्स कमिटीत, म्हणजे प्रयोगाला मंजुरी देणाऱ्या समितीत, किमान सात माणसं लागतात, निम्मी तरी संस्थेबाहेरची, त्यात एक कायदा जाणणारा आणि एक सामान्य माणूस. पळवाट दोन ठिकाणी आहे. पहिली म्हणजे नाव बदलणं. संशोधन म्हटलं की कमिटी आली, 'प्रशिक्षण' म्हटलं की कोणी विचारत नाही. फोर्ट मीडची माणसंसुद्धा 'प्रशिक्षण'च घेत होती. दुसरी पळवाट माहितीची. डीआरडीओ माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळं मी अर्ज केला तर परत येणार. भ्रष्टाचाराचा किंवा मानवी हक्कभंगाचा आरोप असेल तरच माहिती मिळते, आणि हक्कभंगाचा असेल तर केंद्रीय माहिती आयोगाची संमती लागते. पण ज्याच्यावर काय झालं हे त्यालाच सांगितलेलं नाही, तो आरोप कशाच्या आधारावर करणार?

आणि सही कोणाची, हाही प्रश्न आहेच. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदऱ्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस दिली गेली. खम्ममला आश्रमशाळेतल्या कितीतरी मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननं सह्या केल्या होत्या. २०१३ मध्ये संसदेच्या समितीनं त्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. वॉर्डनच्या जागी कमांडिंग ऑफिसर ठेवून पाहा.

म्हणून माझं मागणं सांगतो. संरक्षण खात्याच्या पैशानं माणसाच्या मनावर, जाणिवेवर, उपासावर किंवा कोणत्याही तथाकथित शक्तीवर जे काही चालू असेल किंवा पुढं होईल, त्याला प्रशिक्षण म्हणा की चाचणी, बाहेरची माणसं असलेल्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागेल असा लेखी आदेश काढावा. संमती घेताना जवानाचा कोणताही वरिष्ठ त्या खोलीत नसावा. कागद जवानाच्या भाषेत असावा, आमच्या पोराला मराठीत, मणिपूरच्या पोराला मणिपुरीत. 'नको' म्हणणाऱ्याची नोंद त्याच्या सेवापुस्तिकेत किंवा गोपनीय अहवालात कुठंही जाऊ नये. अग्निवीरांचा तर वेगळा विचार व्हावा, कारण चार वर्षांनी चारातल्या एकालाच पुढं ठेवणार हे माहीत असलेला मुलगा कशालाही 'हो' म्हणेल. माझ्या मते त्यांना अशा प्रयोगांत घेऊच नये. अठरा वर्षांखालच्या कोणालाही नाही, सैनिकी शाळेतल्या मुलांना तर नाहीच. आणि प्रयोग संपल्यावर त्या माणसाची स्वतःची माहिती त्याच्या हातात पडावी, नोकरी सुटल्यावरही त्याला डॉक्टरकडं जाता यावं. देशाचं गुपित देशाकडं राहू द्या, त्याच्या शरीराचं आणि मनाचं त्याच्यापासून लपवू नका.

माझा विद्यार्थी रजा संपवून परत गेला. जाताना मी त्याला म्हटलं, पुढच्या वेळी विचारलं तर कागद मागून घे, वाच, मग ठरव. तो म्हणाला, ''सर, तुम्ही म्हणता ते खरंय, पण कागद माग असं वरूनच कुणीतरी सांगाय पायजे.''

तेवढ्यासाठी हे पत्र. आपलं उत्तर हिंदीत, इंग्रजीत कसंही आलं तरी मी त्याचं मराठी करीन. इथल्या वाचनालयाच्या दारात एक फळा आहे, त्यावर भरतीच्या जाहिराती लागतात आणि पळून आलेली पोरं घाम पुसत त्या वाचत उभी असतात. त्यांच्या शेजारी ते लावीन.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
औसा, जि. लातूर