शेवटचा तास

रत्नागिरी, १४ जुलै

प्रिय मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

पत्राला उशीर झाला. मनात एक गोष्ट घोळत होती, ती तुझ्याखेरीज कोणाला सांगावी हे कळेना.

आमच्याकडे राजापूरकडचे एक काका आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येतात. पाळी दुपारी दोनची, म्हणजे चार तास पुरे व्हायला सहा वाजतात, आणि त्यांच्या वाडीची शेवटची एस.टी. साडेपाचला सुटते. पाच वाजले की सुया टोचलेला फिस्टुलाचा हात न हलवता दुसऱ्या हाताने ते मला खूण करतात, "सिस्टर, काढा आता." मी समजावते, मग स्वतःच्या जबाबदारीवर उठत असल्याच्या कागदावर त्यांची सही घेते आणि सुया काढते. अंगात राहिलेले पाणी पुढच्या खेपेला भराभर काढावे लागते, रक्तदाब उतरतो, पायांत गोळे येतात, आणि त्या कळांच्या धास्तीने त्यांना लवकर उठावेसे वाटते ते वेगळेच.

तीन महिने मी नोंदवहीत 'रुग्ण सहकार्य करत नाही' असे लिहीत होते. परवा तेच वाक्य लिहिताना पेन थांबले. सही त्यांची खरी, पण तिने राखण होत होती ती आमची.

१९६२ साली अमेरिकेतल्या सिएटलमध्ये यंत्रे मोजकीच असल्याने कोणाला डायलिसिस द्यायचे हे सात जणांची समिती ठरवीत असे, हे आपण वर्गात किती हळहळून ऐकले होते! २०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, जिल्हा रुग्णालयांत गरिबांना ही सेवा मोफत मिळू लागली. तरी काकांच्या चौथ्या तासाचा निर्णय एस.टी.चे वेळापत्रक घेते, आणि त्यावर शिक्का मी मारते.

शेवटी मी त्यांना विचारले, "काका, पाळी बदलून दिली तर पूर्ण वेळ थांबाल?" ते म्हणाले, "आजवर कोणी विचारलंच नाही." सकाळच्या पाळीत शहरातच राहणारे एक गृहस्थ आहेत. काकांची अडचण त्यांच्या कानावर घालण्याआधी मी काकांची परवानगी घेतली. ते क्षणभर संकोचले, मग "सांगा" म्हणाले. गृहस्थांनी विचार करून सांगतो असे म्हटले आहे, आणि ते नाही म्हणाले तर त्यांना भरीस घालण्याचा मला अधिकार नाही. डॉक्टरांच्या कानावर सारे घातले आहे. जुन्या नोंदी खोडता येत नाहीत, म्हणून त्यांखाली तारीख घालून बसची वेळ लिहून ठेवली.

तुमच्याकडेही असा कागद लिहून घेतात का? त्यात कारणाची ओळ असते का, ते नक्की कळव.

तुझीच,
मैत्रीण