नंदे, त्या भेळेच्या कागदाबद्दल

नौपाडा, ठाणे
१७ जुलै २०२५, रात्रीचे साडेअकरा

नंदे,

पाच महिने मी तुला धड एक ओळ लिहिली नाही. पाडव्याचा तुझा फोटो बघितला, वाढदिवसाचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला आणि तरी नुसता हार्ट टाकून गप्प बसले. तू रागावलीयस ते कळलंय मला, रागावलीस की तू फक्त अंगठा पाठवतेस आणि मे महिन्यापासून मला अंगठेच येतायत. बिझीबिझी काही नव्हते गं. जे सांगायचं होतं तेच सांगता येत नव्हतं, आणि ते सोडून तुला बाकीचं काय सांगत बसू.

तब्येत ठीक. थायरॉईडची गोळी चालू, आईचे गुडघे पावसात कुरकुरतात तेवढंच.

तर ऐक. व्हिएतनामला मला कुणीतरी भेटलंय.

लगेच फोन करू नकोस, आईची खोली आणि माझी खोली यांच्यात एक प्लायवूडचं पार्टिशन आहे आणि आई झोपलीय असं मला वाटतं तेव्हा ती कधीच झोपलेली नसते. वाच आधी. त्याचं नाव अमोघ. नाशिकचा. जुने वाडे, देवळं, बारव दुरुस्त करायचं काम करतो, चुन्याचं काम, सिमेंटचं नाव काढलं की त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. लग्न केलेलं नाही. वय ३९.

आता तू जे बोट मोडून मोजलंस ते बरोबर आहे. १२ वर्षांनी लहान.

मला माहितीये तुला पहिल्यांदा काय आठवलं असेल. मागच्या दिवाळीत तू आलेलीस तेव्हा आपण गादी टाकून लोनली प्लॅनेट बघितला होता, लॉरा डर्न आणि तो लियाम हेम्सवर्थ, मोरोक्कोत. तू चकल्या खात अर्धा सिनेमाभर बडबडत होतीस, की ह्या बायकांना घरी गॅसचा नंबर लावायचा नसतो का, ह्यांच्या आईला बीपी नसतं का, आणि मध्येच मोबाईल काढून दोघांची वयं शोधलीस, ती १९६७ ची तो १९९० चा, आणि ओरडलीस, २३ वर्षं गं! मी चिडले तुझ्यावर. मला ते सिनेमे मनापासून आवडतात नंदे, तेव्हाही आवडायचे आणि आता तर मी त्यांच्यासाठी कुणाशीही भांडेन. ती बाई पुस्तक पुरं होत नाही म्हणून वैतागून एवढ्या लांब जाते आणि तिथं कुणीतरी तिला शांतपणे विचारतं, काय झालं, आणि उत्तर संपेपर्यंत ऐकून घेतं. एवढंच असतं त्यात. पण आठ वर्षं ज्या घरात कुणी संध्याकाळी 'काय झालं' विचारलेलं नाही ना, तिथं ते एवढंसं वाटत नाही.

तू म्हणालेलीस, सगळं परदेशातच का होतं, ठाण्यात का नाही होत. ते मात्र तू बरोबर बोलली होतीस आणि आता मला त्याचं उत्तर पण माहितीये. तिथं कुणी आपल्याला ओळखत नाही म्हणून नाही. तिथं आपल्याला कुणी वहिनी, काकू, ताई, निहारची आई म्हणत नाही म्हणून.

म्हणजे ताई तर तो पण म्हणायचा. टूरमध्ये आम्ही दोघंच एकेकटे, बाकी सगळ्या जोड्या आणि एक डोंबिवलीची अकरा जणांची फॅमिली, त्यामुळे बसमध्ये आम्हाला शेजारी सीट मिळाली आणि दोन दिवस 'ताई पाण्याची बाटली', 'ताई खिडकीशी बसता का' असंच चाललं होतं. मग 'मी सन' नावाचं ठिकाण आलं. शंकराची देवळं आहेत नंदे, विटांची, व्हिएतनामच्या डोंगरात! चंपा म्हणून राज्य होतं, चौथ्या शतकापासून तिथं देवळं बांधत होते, भद्रेश्वर नाव शंकराचं, शिलालेख संस्कृतमध्ये. १९६९ ला अमेरिकेच्या बॉम्बनी त्यातलं सगळ्यात मोठं देऊळ पाडलं, आणि आता आपल्याच पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी तिथं येऊन दुरुस्तीचं काम केलंय, ते करताना २०२० मध्ये नवव्या शतकातली अखंड दगडाची पिंड सापडली. अमोघ त्यासाठीच टूरमध्ये घुसला होता. बाकीचे सेल्फी काढून नारळपाणी प्यायला गेले आणि हा एका भिंतीशी उभा. विटेवर वीट अशी बसलीय की मधे चुना-माती काही दिसतच नाही, कशानं चिकटवल्यात यावर अजून अभ्यासकांचा वाद चालू आहे म्हणे, झाडाचा डिंक म्हणतात कुणी, कुणी आणखी काही. तो मला ते सगळं सांगत होता आणि फोटो काढताना प्रत्येक विटेवर स्वतःचा पंजा ठेवत होता, मापाला. माझ्या मोबाईलमध्ये चाळीसेक फोटो आहेत नुसत्या विटांचे, सगळ्यात तो एक हात.

त्या दिवशी गाईड पोरीनं एक गोष्ट सांगितली ती तुला सांगायचीच होती. तिथं ओळख झाली की आधी वय विचारतात. भोचकपणा नाही तो, भाषाच तशी आहे, 'तू'-'मी' साठी साधा एक शब्द नाही, समोरची मोठी असेल तर ती 'ची', म्हणजे ताईच बघ, आणि लहान असेल तर 'एम'. वय कळल्याशिवाय वाक्यच सुरू होत नाही. मी म्हटलं हे तर आपलंच गाव. तिनं आमची वयं विचारली, सांगितली, ती म्हणाली म्हणजे ह्या ची आणि तुम्ही एम. अमोघ काही बोलला नाही.

रात्री होई आन नावाचं गाव. पौर्णिमेच्या आदल्या रात्री तिथं जुन्या गावातले विजेचे दिवे बंद करतात, सगळीकडे नुसते कागदाचे आणि रेशमाचे कंदील, नदीत दिवे सोडतात आपल्या त्रिपुरीसारखे. तिथला जपानी पूल त्यांच्या वीस हजाराच्या नोटेवर आहे (वीस हजार म्हणजे आपले सत्तरेक रुपये, दचकू नकोस). पूल नुकताच दुरुस्त केलाय, २०२४ च्या ऑगस्टमध्ये उघडला, आणि लोकांनी खूप नावं ठेवली, की जुना पूल एकदम नवा दिसायला लागला, रंग भडक झाला. अमोघ नोट हातात धरून पुलाकडे बघत म्हणाला, रंग उतरेल चार पावसाळ्यात, लाकूड वाचलं ना. मग आम्ही होडीत बसलो आणि होडीवाल्या बाईनं गाईडला काहीतरी विचारलं, ती पोरगी हसली आणि आम्हाला म्हणाली, ही विचारतेय तुम्ही जोडपं आहात का, कारण जोडपं असेल तर मग शब्द वेगळे, मग बाई वयानं मोठी असली तरी तो 'आन' म्हणजे दादा आणि ती 'एम'. वय मोजत नाहीत मग.

उतरताना त्यानं हात पुढे केला आणि म्हणाला, सांभाळून मंजू.

बस. एवढंच झालं नंदे. सिनेमात ह्याच्या पुढे बरंच होतं, आमच्यात एवढंच झालं आणि मी रात्रभर जागी होते. ती नोट पर्समध्ये आहे अजून.

आता जे मला खरंच लिहायचंय ते. १९९८ चा मे, तलावपाळी, आपण भेळ खात होतो आणि तू मला विनय भाऊजींबद्दल सांगितलंस. तू २४, ते ३५. आणि मी तुझं बोलणं पुरं व्हायच्या आत पर्समधून पेन काढलं आणि भेळेच्या कागदावर लिहीत गेले, तू ३५ तर तो ४६, तू ४९ तर तो ६०, तू ५४ तर तो ६५, आणि तो चिंचेच्या पाण्यानं ओला झालेला कागद तुझ्यासमोर धरला. तू म्हणालीस वय काय बघायचं, सचिननं बघितलं का, अंजली साडेपाच वर्षांनी मोठी आहे त्याच्याहून. तो बिचारा तर इंग्लंडचा दौरा करून येत होता आणि विमानतळावर दिसला तिला. मी म्हटलं सचिनचं वेगळं असतं. तू कागद घेतलास, घडी केलीस, पर्समध्ये टाकलास आणि उठून स्टेशनकडे चालायला लागलीस. चौदा महिने बोलली नाहीस. तुझ्या लग्नात मी जेवून परत आले, तुझ्याजवळ स्टेजवर पण आले नाही. ह्याची माफी मी कधी मागितलेली नाही, आपण परत बोलायला लागलो ते निहारच्या बारशाच्या... नाही, त्याच्या आधी, शिरीषनंच तुला फोन केला होता मला न सांगता. आज मागते. मनापासून मागते नंदे. ते पेन मी काढायला नको होतं.

शिरीष माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठा. ३१ गुण जुळले होते. कुणीच कागद काढला नव्हता.

आणि मागच्या आठवड्यात मी लाईट बिलाच्या मागे लिहीत होते, मी ६० तेव्हा तो ४८, मी ७० तेव्हा तो ५८, मी ८० तेव्हा तो ६८. पतपेढीत दिवसभर व्याज काढून हात आपोआप चालतो. चहा गार झाला, मी लिहितच होते, आणि मला तुझा चेहरा दिसला तलावपाळीचा. तेव्हा तू मला दिसलीच नव्हतीस, नुसते आकडे दिसले होते.

त्या बेरजेत काय काय येत नाही ते तुलाच माहितीये, २७ वर्षं तू त्यातच राहिलीयस. मला ते सांग. भाऊजी दमायला लागले तेव्हा तुला राग आला का कधी? तू पस्तिशीची होतीस आणि त्यांना फिरायला नको वाटायचं तेव्हा? खोटं नको सांगूस, मला बरं वाटावं म्हणून तर मुळीच नको. कारण माझं उलट आहे, दमणार मी आहे. आपण कॉलेजच्या नंतर त्या जमैकाच्या सिनेमावरून भांडलो होतो आठवतं, ४० ची स्टेला आणि २० चा मुलगा, मूळ कादंबरी लिहिणाऱ्या टेरी मॅकमिलनला खरंच तिथं तसाच कुणी भेटला होता, १९९८ ला लग्न केलं तिनं त्याच्याशी, आणि २००५ ला घटस्फोट. हे मी परवा रात्री दोन वाजता शोधून वाचलं आणि मग झोप गेली ती गेलीच. म्हणजे त्यांची कारणं वेगळी होती, पण रात्री दोनला कारणं कोण बघतं. आणि आपल्याकडे तो चीनी कम, ६४ चा अमिताभ आणि ३४ ची तब्बू, लंडनमध्ये, नवरा सासऱ्याहून मोठा, सासरा उपोषणाला बसतो तरी सगळं थिएटर हसत होतं, तू पण हसलीस, मी पण. तिथं ६४ ची बाई असती आणि ३४ चा मुलगा, तर हसलो असतो का आपण, आणि हसलो असतो तर कसं हसलो असतो, ते मी विचार करतेय.

निहारला सांगितलं रविवारी. पुण्याहून आलेला, मामलेदारची मिसळ खाऊन आलो आणि चालता चालता राममारुती रोडवर सांगून टाकलं, समोरासमोर बसून नसतं जमलं मला. तो दोन मिनिटं गप्प होता आणि मग म्हणाला, म्हणजे माझ्यापेक्षा १८ नी मोठा आणि तुझ्यापेक्षा १२ नी लहान, तुला जवळचा, मला लांबचा. लगेच हिशोब. पोटचं पोर माझं. पुढे काही बोलला नाही, चपलांच्या दुकानात शिरला आणि भाव विचारत बसला. त्यानंतर रोज रात्री एक मेसेज येतो, 'जेवलो'. चांगलं की वाईट मला कळत नाहीये, तू त्याची मावशी आहेस, तू एक फोन कर ना त्याला, मी सांगितलं असं सांगू नकोस.

आईला काही सांगितलेलं नाही. पण काल ती माझ्या मोबाईलवर देवळांचे फोटो बघत होती, चष्मा वर करून करून, आणि एकदम म्हणाली, हा हात कुणाचा गं सगळ्या फोटोंत? मी म्हटलं टूरमधला एक जण. ती परत बघायला लागली. मग म्हणाली, नखांत चुना आहे, राबणारा दिसतोय. आणि मोबाईल देऊन वाती वळायला बसली. नंदे, मला त्या क्षणी तिच्या मांडीवर डोकं ठेवून सगळं सांगावंसं वाटलं आणि मी कुकर लावायला उठले.

पाच महिन्यांत तो चार वेळा आला ठाण्याला. उपवनला बसतो आम्ही. एकदा कौपिनेश्वराला गेलो तर तो प्रदक्षिणा अर्धी टाकून एका कोपऱ्यातला प्लास्टर खरवडून बघत होता, पुजारी ओरडले. तो मला अजून लोकांसमोर 'तुम्ही' म्हणतो आणि फोनवर 'तू', आणि मी त्याला सगळीकडे 'तू'च म्हणते कारण लहान आहे म्हणून म्हणायला सुरुवात केली होती आणि आता ते 'तू' तेच राहिलं पण त्याचा अर्थ बदलला, आणि तो बदल ऐकणाऱ्याला कळतो का, ह्याची मला धास्ती वाटते. बिल्डिंगमधल्या सावंत काकूंना कळला असेल असं मला वाटतं, त्या लिफ्टमध्ये हल्ली मजल्याचं बटण माझ्यासाठी दाबतात.

आणि आता तो येत्या रविवारी येतोय. आईला घेऊन. म्हणजे त्याच्या आईला. 'भेटायला' म्हणाला, पुढे काही नाही म्हणाला, पण आई नाशिकहून ठाण्याला नुसती भेटायला येत नसते एवढं मला कळतं.

त्यांचं वय ६३.

कळलं का तुला? त्याच्यात नि माझ्यात १२, माझ्यात नि त्यांच्यात १२. मी बरोब्बर मधोमध उभी आहे. त्यांना मी काय म्हणू? आई म्हणायला माझी जीभ वळणार नाही, आपल्या सुमनताई आत्ता ६४ च्या झाल्या, त्यांना आपण ताई म्हणतो. ताई म्हणावं तर त्याची आई माझी ताई, मग तो माझा कोण? काकू म्हटलं तर मी लहान होण्याचं नाटक करतेय असं वाटेल त्यांना, आणि मॅडम तर काय मी कर्ज मंजूर करायला बसलेय का. तीन दिवस माझं दुसरं काही चाललेलं नाही, पोहे करू की साबुदाण्याचे वडे हे सुद्धा ठरलं नाहीये. त्या दारात उभ्या राहतील, मी 'या' म्हणेन, आणि 'या'च्या पुढे काय?

तू भाऊजींना लग्नाआधी काय हाक मारायचीस, कधी विचारलंच नाही मी. अहो? विनय? सर तर म्हणत नव्हतीस ना, ते क्लासमध्ये शिकवायचे तेव्हा?

बाकी भाऊजींचं मोतीबिंदूचं नीट झालं ना, ड्रॉप्स वेळेवर घालतेस ना. सईच्या कॅनडाचं काय ठरलं? कोल्हापुरात पंचगंगा वाढली असं बातम्यांत बघितलं, तुमच्या गल्लीत पाणी येत नाही ना, सामान वर ठेव. पापड मिळाले, छान झालेत, हिंग जरा जास्त.

तो कागद तू ठेवला आहेस का अजून? ठेवला असशील तर फोटो पाठव. नसशील तर राहू दे.

शनिवारी रात्रीपर्यंत लिही. अंगठा चालणार नाही. ती दोघं रविवारी सकाळच्या पंचवटीनं निघतायत, सकाळीच ठाण्याला उतरतील, त्याच्या आधी मला तो एक शब्द पाहिजे.

तुझी,
मंजू