वागळे इस्टेटच्या पॅटर्नमेकर (लाकडी नमुने घडवणाऱ्या) काकांना

ती. काका,
शि. सा. न. वि. वि.

वैमानिकांच्या ग्राउंड क्लाससाठी तुम्ही करून दिलेल्या लाकडी पंखाचे आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे उघडं पत्र. पंख वाऱ्याला फार मोठ्या कोनात भिडला की स्टॉल होतो, म्हणजे पाठीवरचा वारा सुटून उचल घटते, मग वेग कितीही असो. हे फळ्यावर दहादा लिहिलं तरी पोरांच्या डोक्यात शिरत नाही. तुमच्या पंखावरचे धागे उलटे फिरताना दिसले की मिनिटभरात कळतं.

पंख पाइनचा, 10 सेंमी रुंद, 24 सेंमी लांब. पाठीवर 3 सेंमीच्या धाग्यांच्या चार रांगा. विणायची लोकर जड पडते, म्हणून तुम्ही ती उसवून एकच पदर घेतलात. टेपची कड उचलली गेली की मागचा धागा स्टॉल नसतानाही थरथरतो, म्हणून टेपऐवजी फेविकॉलचे ठिपके. टेबलफॅनचा वारा पिळवटून येतो. तो सरळ करायला 30 सेंमीच्या चौकटीत फालुद्याच्या जाड नळ्या, सव्वासहाशेच्या आसपास, प्रत्येकी 10 सेंमी. (एवढ्या नळ्या घेताना दुकानदाराने फालुदा किती जणांचा, ते विचारलं असणारच.)

मॉडेलचे धागे 10-12 अंशांतच मागच्या कडेकडून विस्कटू लागतात. खऱ्या पंखाला साधारण 15 ते 18 अंश लागतात. छोटा पंख, मंद वारा, त्यामुळे हा लवकर हार मानतो. हे आधीच बजावावं लागतं, नाहीतर मॉडेलचाच आकडा वहीत उतरतो.

खरी करामत मात्र बिजागरीवरच्या एलेरॉनची, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या, विमान कलवणाऱ्या हलत्या पट्टीची. धावपट्टीकडचं शेवटचं वळण साधारण 500 फुटांवर होतं. पाठीमागून वारा असला की विमान धावपट्टीची रेषा ओलांडून जातं. जास्त कलायची भीती, म्हणून वैमानिक आतल्या बाजूचं रडर (शेपटीचं सुकाणू) दाबतो. त्याने बाहेरचा पंख उचलला जाऊन कल वाढतोच. तो रोखायला एलेरॉन उलटा. नाक खाली जातं, म्हणून हातातलं कंट्रोल मागे. आता आतल्या पंखाचा एलेरॉन खाली झुकलेला, म्हणजे त्याचा कोन वाढलेला, आणि वेगही बाहेरच्यापेक्षा कमी. तो आधी स्टॉल होतो आणि विमान त्याच बाजूला कलंडतं. मॉडेलवर 9 अंशांना सगळे धागे शांत असतात. एलेरॉन खाली केला की फक्त त्याच्या पुढचे पिसाटतात. वर्गात त्या क्षणी कुणी बोलत नाही.

तिथून सुरू होतो स्पिन, म्हणजे गिरक्या घेत खाली येणं. त्यातून सुटायचा क्रम सगळ्यांना पाठ असतो: थ्रॉटल मागे, एलेरॉन मध्यावर, फिरण्याच्या विरुद्ध रडर, मग कंट्रोल पुढे. पण सेस्ना 152 या छोट्या विमानाची पुस्तिका एका फेऱ्याच्या स्पिनला, सावरण्यासकट, 1000 फूट धरते. हाताशी असतात 500. म्हणून चुकलेलं वळण आवळायचं नाही. एरवी 50 नॉटला होणारा स्टॉल 60 अंश कलून उंची राखताना 71 नॉटलाच गाठतो. पंख सरळ, पूर्ण पॉवर, आणि पुन्हा चक्कर.

एक विनंती. पावसाळ्यात लाकूड फुगून एलेरॉन अडकतो. फट मिलिमीटरभर वाढवाल का? आणि जमल्यास दुसरा पंख, मुळापासून टोकापर्यंत 3 अंशांचा पीळ दिलेला, सेस्ना 172 ला असतो तसा. मुळाशी आधी स्टॉल होऊनही टोकाकडचे धागे शांत कसे राहतात, ते दाखवायचंय. नळ्या या वेळी आम्ही आणतो.

तुमचे,
ग्राउंड क्लासचे शिक्षक, नौपाडा, ठाणे