भिंतीपलीकडच्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, प्लग काढला का?" म्हणून विषय बदलता. म्हणून इथे, चारचौघांत लिहितेय. सूनबाई वाचून दाखवतीलच.

जुलैत झड लागली आणि सहकारनगरच्या आमच्या एवढ्याशा बागेत गवत गुडघ्याला आलं. बागेतल्या मावशी भातलावणीला गावी गेलेल्या. मग मी विजेवरचा ट्रिमर मागवला. खोक्यातून रॉडचे दोन तुकडे, हँडल, गार्ड, मूठभर स्क्रू आणि बारीक अक्षरातलं माहितीपत्रक निघालं. रॉड जोडला, हँडल बसवलं. गार्डचे स्क्रू काही केल्या लागेनात, तेव्हा तो शोभेचा असेल असं ठरवून बाजूला ठेवला. पाच मिनिटं गवत छान उडालं. मग मोटर कण्हायला लागली, जळका वास आला आणि भिंतीवरून तुमचा आवाज: "आधी बटण सोडा. मग प्लग."

दुसऱ्या कोणी मशीन हातातून काढून घेतलं असतं. तुम्ही खुर्ची मागितलीत आणि पारिजातकाखाली बसलात. दीड तासात पान्याला हातसुद्धा लावला नाहीत.

"गार्डच्या कडेला आतून बोट फिरवा." फिरवलं, तर नखाएवढं पातं लागलं. गवत कापणारी नायलॉनची दोरी वाढली की तेच तिला मापात छाटतं. गार्डच नाही म्हटल्यावर दोरी लांबच राहिली, मोटरवर भार आला, आणि उडालेले खडे थेट माझ्या नडगीवर. निळे डाग तुम्हाला दिसले होते. बोलला नाहीत, एवढंच म्हणालात, "उद्या बूट आणि फुल पँट. चष्माही."

मग स्पूल, म्हणजे दोरीचं रीळ. दोरी मी लोकरीच्या गुंड्यासारखी गुंडाळली होती, तीही उलटी. तुम्ही स्पूलवरचा बाण दाखवलात. माझं तिकडे लक्षच नव्हतं. "लहानपणी फिरकी धरली असेल ना? मांजा भरतात तशी भरा, वेढ्याला वेढा लागून." तीनदा उलगडायला लावलंत. तिसऱ्यांदा मला रागच आला होता, आज कबूल करते. पण आता चालू मशीनचं डोकं जमिनीला हलकेच टेकवलं की दोरी आपोआप पुढे सरकते. पूर्वी मी आपटत होते.

एक्स्टेन्शनची केबल रिळावर गुंडाळलेली ठेवून चालवली की तापते, हेही तेव्हाच कळलं. ती पूर्ण सोडायची, हँडलच्या हुकात अडकवायची आणि नेहमी पाठीमागे ठेवायची. गवत ओलं असेल तर मशीन बाहेरच काढायचं नाही. पुण्यातल्या पावसाळ्यात हा नियम पाळायचा म्हणजे उन्हाची तिरीप बघत बसायचं, पण बसते.

कुंपणाजवळच्या काँग्रेस गवताला मात्र तुम्ही ट्रिमर लावू दिला नाहीत. कापलं तर बुडातून पुन्हा फुटतं, परागकणांनी शिंका आणि अंगाला खाज येते ती वेगळीच. हातमोजे घालून, फुलायच्या आधी, मुळासकट उपटायचं. भारतात ते आधी पुण्यातच दिसलं, १९५५च्या सुमारास, हे तुम्ही अशा थाटात सांगितलंत की जणू तेही आपल्या शहराचं भूषण!

आणि पारिजातक. त्याच्या कोवळ्या खोडाची साल माझ्या दोरीने अर्ध्या घेराइतकी सोलली होती. तुम्ही वाकून बराच वेळ बघितलंत. "पानांनी केलेलं जेवण सालीतूनच मुळांना जातं," म्हणालात. तेव्हापासून खोडाभोवती वीतभर जागेत खुरपंच चालतं. जखमेच्या वर नवी पालवी आलीय, बघून जा.

तुमच्या बाजूला भिंतीलगत गवत बरंच माजलंय. शनिवारी ऊन पडलं तर येते. फाटक उघडं ठेवा, खुर्ची मात्र लांब टाका, १५ मीटरवर. तुमचाच नियम.

तुमची शेजारीण