बघत बसायचा पगार

मोशी,
रविवार, दुपार

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

आई, हे पत्र तू मोठ्यानं वाचून दाखवायचं आहेस. बाबांच्या डोळ्याची पट्टी निघाली असली तरी वाचायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, आणि टीव्ही बंद ठेवला की ते सोप्यात किती येरझाऱ्या घालतात ते मला इथूनही दिसतंय. म्हणून अक्षर मोठं काढलंय.

बाबा, मी गाड्यांच्या कारखान्यात लागले त्या दिवाळीला तुम्ही विचारलं होतं, “म्हणजे तू करतीस काय नक्की? नुसतं बघत बसायचा पगार देतात व्हय गं तुला?” मी ‘क्वालिटी, क्वालिटी’ एवढंच म्हणत राहिले. त्याला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा चाकणला जिथे ज्वारीचं रान होतं तिथे आता कारखान्यांच्या भिंती आहेत. आठवडाभर तुम्हाला घरात बसायचंच आहे, तर आज सगळं नीट सांगते.

सुरुवातीला मी पेंट शॉपच्या शेवटी उभी असायचे. तिथे ट्यूबलाइटचा बोगदा असतो. दोन्ही बाजूंना आणि डोक्यावर नळ्याच नळ्या, आणि मधून रंगवलेली बॉडी सावकाश सरकत येते. रंगाकडे बघायचं नाही, रंगात पडलेल्या नळीच्या प्रतिबिंबाकडे बघायचं. रेघ सरळ तर पत्रा सरळ. रेघ कुठे लचकली की तिथे खळगा आहे समजायचं. हातात पातळ सुती मोजे घालतो, कारण मोज्यातला तळवा पत्र्यावरून अडखळत नाही आणि बारीक उंचवटाही लगेच कळतो. अंगठी, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल, बांगड्या, काही म्हणजे काही चालत नाही, चरा पडतो. आई, माझे मोकळे हात बघून तू हळहळली होतीस ना, त्याचं कारण हे.

एकदा सलग तीन दिवस बॉनेटवर क्रेटर यायला लागले. मसुरीच्या दाण्याएवढे गोल खड्डे, तळाला खालचा थर दिसणारे. हे बहुतेक सिलिकॉनमुळे होतं. त्याचा एवढासा कण पडला तरी ओला रंग तिथून बाजूला पळतो. कॉम्प्रेसरची हवा तपासली, फिल्टर बदलले, थिनरचा ड्रम परत धाडला, तरी खड्डे चालूच. चौथ्या दिवशी आमच्या शिफ्टचे जुने काका पेंट शॉपच्या दारात उभे राहिले आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्याचा वास घ्यायला लागले. वरिष्ठ साहेब आले, त्यांचाही घेतला. आणि सापडला! एक नवीन पोरगा होता, त्याचे केस सोमवारपासून एकाएकी चमकायला लागले होते. रविवारी त्याचा कांदेपोह्यांचा कार्यक्रम झालेला. बहिणीनं त्यासाठी केसांचं सीरम आणून दिलं होतं, आणि अशा सीरममध्ये सिलिकॉनच असतं. “पण कार्यक्रम रविवारीच झाला ना, मग आज कशाला लावलंस?” काकांनी विचारलं. तो म्हणाला, “त्यांचा निरोप आला नाही अजून. अचानक परत बघायला आले तर?” होकार येईपर्यंत तो रोज लावणार होता. काकांनी तिथल्या तिथे मुलीच्या मामांचा नंबर घेतला, फोन लावला आणि म्हणाले, “हो की नाही ते आत्ता सांगा, आमच्या गाड्या अडल्यात.” होकार आला. लग्नाला आख्खी शिफ्ट गेली होती आणि आहेरात सीरमच्या सहा बाटल्या होत्या, प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवलेली: ‘फक्त सुट्टीच्या दिवशी’.

पुढे मला शॉवर टेस्टला टाकलं. तयार गाडीवर चहूबाजूंनी पाण्याचा मारा करतात आणि आत कुठे थेंब येतो का ते बघतात. एका गाडीत ड्रायव्हरशेजारचं कार्पेट ओलं सापडलं. दाराचं रबर बदललं, परत ओलं. काचेची सीलिंग तपासली, परत ओलं. मग एक जण टॉर्च घेऊन आत बसला, बाहेर धो धो पाणी, आणि त्याला वरून एक थेंबही दिसेना. शेवटी काकांनी कार्पेटला बोट लावून नाकाशी नेलं आणि गंभीरपणे म्हणाले, “पाण्याला कढीपत्त्याचा वास येतोय.” लाइनवरच्या कुणाची तरी ताकाची बाटली सीटखाली आडवी पडली होती! फोडणीचं ताक होतं. दोन तास आम्ही त्या गाडीच्या छतात गळती शोधत होतो.

खडखडाटाची गोष्ट मात्र माझी सगळ्यात लाडकी. गाडी तयार झाली की खडबडीत ट्रॅकवरून फिरवून आवाज ऐकतात. एका गाडीत मागून टक-टक यायचं. आमचे एक साहेब अंगानं चांगले भरभक्कम. ते स्वतः ऐकायला मागच्या सीटवर बसले. आवाज बंद. “कुठे आहे आवाज?” ते उतरले, गाडी निघाली, टक-टक सुरू. ते पुन्हा बसले, पुन्हा शांतता. असं पाच वेळा झालं. साहेब म्हणायचे, तुमचे कान गेलेत. आम्ही म्हणायचो, साहेब, तुम्ही फक्त उतरा. अखेर डिकीत एकाला टॉर्चसकट निजवलं आणि ट्रॅकवर अगदी सावकाश नेलं, तेव्हा कळलं. मागच्या सीटच्या पाठीची खिट्टी सैल होती, आणि साहेब बसले की त्यांच्या वजनानं ती घट्ट दाबली जायची. साहेब इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनीच मग सगळ्यांना चहा पाजला.

मे महिन्यात आमच्याकडे सगळ्यांना एकाच खोलीत काम निघतं. मोजमापाच्या खोलीत. ती कायम २० अंशांवर ठेवतात, कारण एक मीटर पोलाद एका अंशानं तापलं तरी साधारण ११-१२ मायक्रॉन वाढतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तिथल्या मॅडमनी शेवटी पाटी लावली: ‘पार्ट थंड होईपर्यंत थांबतील, माणसांनी थांबू नये’.

बाबा, आता तुमच्या कामाचं सांगते. आम्हाला शिकवताना जपानचे इंजिनिअर शिगेओ शिंगो यांची गोष्ट सांगतात. १९६१ मध्ये ते एका कारखान्यात गेले होते. तिथे बटणात दोन बारीक स्प्रिंग बसवायच्या असत आणि कामगार कधीकधी एक विसरत. शिंगोंनी सांगितलं, आधी दोन्ही स्प्रिंग ताटलीत काढून ठेवा. बटण झालं आणि ताटलीत एक उरली, तर चूक तिथेच कळली. आई, तू बाबांच्या गोळ्या सकाळीच वाटीत काढून ठेवतेस, ते हेच! या युक्तीला तेव्हा ‘बाका-योके’ म्हणत. जपानीत बाका म्हणजे मूर्ख, योके म्हणजे टाळणं. दोन वर्षांनी एका कारखान्यातली बाई ते नाव ऐकून रडायलाच लागली: मी काय मूर्ख आहे का? तेव्हा शिंगोंनी नाव बदलून ‘पोका-योके’ केलं. पोका म्हणजे नजरचूक.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला इचलकरंजीतला तो शनिवार आठवला. तुमच्या मागावरच्या कापडात दोष निघाला म्हणून मालकानं तुमच्या आठवड्याच्या पगारातून पैसे कापले होते. सूतच कच्चं आलं होतं, पण ते कुणी विचारलंच नाही. त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत. मी आजही गाडीला लाल स्टिकर लावते तेव्हा ‘कुणी केलं’ हे आधी विचारत नाही, ‘कशामुळे झालं’ हे विचारते, आणि हाताखालच्या पोरांनाही तेच सांगते.

आणि तुम्हाला ठाऊक आहे का, टोयोटा गाड्यांचा जन्म मागाच्या कारखान्यात झालाय? साकिची टोयोदांनी धागा तुटला की आपोआप थांबणारे माग केले. त्यांच्या माग बनवणाऱ्या कंपनीतच १९३३ मध्ये मोटारींचा विभाग निघाला आणि १९३७ मध्ये त्याची वेगळी कंपनी झाली. चूक दिसली की लाइन थांबवायची, हे आम्ही गाड्यांच्या कारखान्यात पाळतो ते मूळचं मागाचं आहे. आपल्या मागाला उभा धागा तुटलेला कळायचा नाही. तो तुम्हाला कळायचा, चार मागांच्या खडखडाटात.

म्हणून कुटुंबांना कारखाना दाखवायच्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा काय झालं, ते मी कितीदा सांगितलं तरी माझं मन भरत नाही. सगळे फोटो काढत होते. तुम्ही मात्र एका पांढऱ्या गाडीपाशी उकिडवे बसलात, मान तिरकी केलीत, कापड उजेडाला धरून बघायचात तशी, आणि म्हणालात, “हितं जरा दबलंय बघ.” काकांनी हातातला दिवा आणून आडवा धरला. हँडलच्या खाली नखाएवढा दाब होता, आमच्या दोन जणांच्या नजरेखालून सुटलेला. काकांनी लाल स्टिकर तुमच्याच हातात दिला. “कुठल्या कंपनीत होता?” त्यांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, “मागावर.”

आणि त्याच माणसानं गेल्या वर्षभरात घरातल्या तीन ट्यूब बदलल्या. उजेड कमी पडतोय म्हणून वायरमनला बोलावून व्होल्टेज तपासून घेतलं! आईनं मला फोनवर सांगितलं तेव्हा आधी हसू आलं, आणि मग फोन ठेवून मी खूप रडले. बाबा, ट्यूब चांगल्या होत्या. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकलायचं नाही. डॉक्टर सांगतील ती तारीख, मी रजा टाकून येईन.

शनिवारी रात्रीपर्यंत पोचते. तोवर वाकून काही उचलायचं नाही, डोळा चोळायचा नाही, अंघोळीला डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. बंबात लाकडं आई घालेल, किंवा शेजारच्या दादांना सांगा.

आई, थेंबांच्या दोन्ही बाटल्या वाटीत ठेव. एक घालून झाली की फळीवर, पाच-दहा मिनिटांनी दुसरी. वाटीत बाटली दिसली तर थेंब राहिलाय. चार वाजले असतील, आधी वाटी बघून ये.

तुमची,
धाकटी